हळदीच्या जात्यापाशी

माझी वाचा गेली तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो देवाचा. यजमान गेले तेव्हासुद्धा इतका आला नव्हता. मी नोकरीभर नर्स होते. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत माझा जन्म गेला. माणसं जन्माला येताना पाहिली, जाताना पाहिली, त्यामुळे 'माझ्याच नशिबी का' असं विचारत बसणाऱ्यांतली मी नव्हे. आजार कुणाला विचारून येत नाही, हे मीच लोकांना दरडावून सांगत आले. पण बीपीची गोळी मी एक दिवस चुकवली नव्हती हो. लोणचं-पापड सोडलेलं, सकाळचं चालणं सोडलेलं नाही, साखर ताब्यात. एवढं सगळं पाळून जर हेच पदरात पडायचं होतं, तर मग निदान लोणचं तरी पोटभर खाऊ द्यायचं होतंस, असं मी देवघरातल्या खंडेरायाच्या टाकाकडे बघून मनातल्या मनात म्हणत असे. मनातच, कारण तोंडातून काही निघत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी यवतलाच राहिले. हमरस्त्यापासून आत, दोन खोल्या, पुढे ओटा, दारात तुळस. मुलगा संजय पिंपरीला कंपनीत, सून मनीषाही नोकरी करणारी. दोघं कायम म्हणायची, आमच्याकडे चला. मी म्हणायची, इथं काय वाईट आहे? एक तर मला माणसं लागतात, आणि दुसरं म्हणजे त्या सुमारास मला लिहिण्याचा नाद लागला होता. शिरूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी आरोग्यावर लिहीत असे. सुरुवात सहज झाली. एकदा जुलाबानं हैराण झालेल्या लेकराला घेऊन एक बाई माझ्या ओट्यावर आली, तिला मीठ-साखर-पाण्याचं सांगितलं, आणि वाटलं, हे दारोदार सांगत फिरण्यापेक्षा एकदा लिहून का टाकू नये? पाठवलं, छापून आलं. मग दर आठवड्याला लिहू लागले. बाळंतिणीला पाणी पाजू नका म्हणणाऱ्या सासवांवर लिहिलं, कुत्रं चावल्यावर मिरची भरणाऱ्यांवर लिहिलं. दवाखान्यात ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरसाठी रिपोर्ट लिहावा लागे, त्यात नटवायला जागा नसते. रुग्णाला काय झालं, काय दिलं, आता कसा आहे. तीच सवय मला लेखनात उपयोगी पडली. आठवडी बाजारात भाजी घेताना कुणी अनोळखी बाई हात धरून म्हणायची, "तुमचं वाचून दाखिवलं पोरीनं," तेव्हा पगाराच्या दिवशीही होत नसे असा आनंद व्हायचा. म्हातारपणी मला एक नवीन आयुष्य मिळालं होतं, आणि ते मला फार आवडत होतं.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी ओट्यावर बसून लिहीत होते. 'ताप' हा साधा शब्द लिहायचा होता. हात पुढे जाईना. शब्द डोळ्यांपुढे दिसेना. पेन बोटांतून निसटलं आणि ते उचलायला गेलेला उजवा हात माझा नव्हेच असा लोंबत राहिला. काय झालंय ते मला लगेच कळलं. दुसऱ्या कुणाला असं झालेलं पाहिलं असतं तर मी एका दमात गाडी बोलवा, डोकं उंच ठेवा, तोंडात काही घालू नका असं सांगितलं असतं. तेवढ्यात शेजारची पुष्पा विरजण मागायला आली. पुष्पा ही माझी शेजारीण, धनगराच्या घरची, आता मेंढरं जाऊन शेती आलेली. तिला काय होतंय ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "बसा."

पुष्पा बसली. बिचारी काय करणार, बसा म्हटल्यावर माणूस बसतंच. "जरा घाईत हाय बाई," म्हणाली. मी म्हटलं, "बसा, बसा." मग तिनं मान वर केली. "मला कवापासनं अहो-जाहो कराया लागला?" असं ती हसत म्हणाली, आणि माझं वाकडं झालेलं तोंड बघून तिचं हसू जागच्या जागी थांबलं. पुढचं सगळं तिनं केलं. ढाब्यावरची जीप आणवली, मला मांडीवर घेऊन दौंडला नेलं, संजयला फोन लावला. मी जगले ते तिच्यामुळे.

मनीषा रजा काढून यवतला येऊन राहिली, आणि हातापायांत महिन्याभरात बरीच ताकद आली. पण शब्द आले नाहीत. सगळं समजत होतं, कोण काय बोलतं, कुणाच्या आवाजात कंटाळा आहे, कुणाच्या आवाजात खरी काळजी, सगळं. बाहेर मात्र एकच शब्द येई, बसा. जन्मभर ओपीडीत येणाऱ्याला जे म्हणत आले तेवढंच जिभेला धरून राहिलं होतं. चहा हवा तरी बसा, खांदा दुखला तरी बसा, मनीषानं डोक्यावरून हात फिरवला आणि मला रडू आलं तरी बसा. एकदा संध्याकाळी देवापुढे उभी राहून येळकोट म्हणायचं ठरवलं. लहानपणापासून श्वासासारखा येणारा शब्द. ओठ हलवले आणि खंडेरायालाही मी "बसा" म्हणाले. त्या दिवसापासून दिवा लावणं सोडलं. मनीषानं लावला तर तिला अडवलं नाही, पण मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसू लागले. तो बोलत नव्हताच, आता मीही बोलणार नव्हते.

न बोलणाऱ्या माणसाशी लोक कसे वागतात हे मी खाटेच्या या बाजूनं प्रथमच पाहिलं. बरेच जण मोठ्यानं ओरडून बोलत, जणू माझे कान गेले होते. काही जण माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलत. "कळतं का हो त्यांना?" असं मनीषाला विचारत, आणि मी तिथेच बसलेली. वाईट कुणीच नव्हतं. घाबरलेली होती माणसं. पुष्पा मात्र रोज येऊन पूर्वीसारख्याच गप्पा मारायची, माझी उत्तरं तीच द्यायची आणि माझ्या वतीनं स्वतःशीच भांडायचीसुद्धा. "तुमी म्हणाल, पुष्पे, एवढं तेल कशाला? पर बाई, भाजीला चव तर पायजे का नगं?" दयाळूपणा म्हणजे काय ते मी तिच्याकडे पाहून नव्यानं शिकले. माणूस अर्धं झालं तरी त्याला अर्धं न समजणं.

संजयनं एक दिवस बालवाडीतलं अंकलिपीचं पुस्तक आणलं. कमळाचं चित्र दाखवून "आई, हे काय?" असं विचारू लागला. त्याच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं, पण मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. ज्या पोराला मी अक्षरं शिकवली त्यानं मला कमळ विचारावं? मग त्यानं हळूच मूळ विषय काढला. मनीषाची रजा संपत आली होती. मला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. "पडलीस, काही झालं, तर हाक कशी मारशील? वैशाखात उज्ज्वलाचं लग्न झालं की आपण निघू. घर बंद करू." उज्ज्वला म्हणजे पुष्पाची थोरली. तिच्या लग्नापर्यंत थांबायचं एवढी सवलत मला मिळाली होती. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. म्हणणार काय? चौथ्या मजल्यावरची ती खोली मला माहीत होती. तिथल्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. तिथे मला जेवण मिळेल, औषध मिळेल, प्रेमही मिळेल, पण माझ्या ओट्यावर कुणी लेकरू घेऊन येणार नाही आणि मी पुन्हा एक ओळ लिहिणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

उज्ज्वलाच्या हळदीचा दिवस उजाडला. पुष्पाच्या अंगणात मांडव, मांडवाखाली बायकांची दाटी. पलंगाखालून वर्षानुवर्षं न निघालेलं जातं बाहेर काढून धुतलं होतं, खुंट्याला सुपारी, हळकुंड आणि आंब्याची पानं बांधली होती. गिरणी आल्यापासून पीठ कुणी जात्यावर दळत नाही, पण नवरीची हळद अजून जात्यावरच दळतात. पाच सवाष्णी आळीपाळीनं बसतात, खुंटा धरतात, ओव्या म्हणतात. मी विधवा. तशी मी कपाळावरची टिकली आणि हातातल्या बांगड्या यजमान गेल्यावरही सोडल्या नव्हत्या. नोकरीत असताना मला कुणी त्यावरून बोलायचं धाडस केलं नाही आणि नंतर सवय झाली. पण हळदीच्या जात्याला हात लावायचा नसतो एवढं मी मुकाट्यानं पाळत आले होते. कुणाच्या शुभकार्यात आपल्यामुळे कुजबुज नको. म्हणून मांडवाच्या कडेला, खांबाजवळ, भिंतीला टेकून बसले होते. मनीषा आत बायकांना चहा देत होती.

तिथे एक म्हातारी होती. नंतर कळलं की ती केंदूरची, पुष्पाच्या सासरच्या नात्यातली ठकूबाई. तिची माझी ओळख नव्हती, आमच्या घरात काय घडलं ते तिला ठाऊक नव्हतं. काळीसावळी, वाळलेली, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि सगळ्यांवर हुकूम सोडणारी. तिचं लक्ष दोनदा माझ्याकडे गेलं. तिसऱ्यांदा ती उठून सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"का वो, लांब का बसलाय?"

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"कुनाकडच्या तुमी? नवऱ्याकडच्या हाय का?"

मी मान खाली घातली. तोंडातून बसा निघू नये म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले. आणि इथेच तिची गफलत झाली. लग्नघरात एखादी बाई ओठ मिटून, मान वळवून कोपऱ्यात बसली तर आपल्याकडे त्याचा अर्थ एकच. बाई रुसली. कुणीतरी हळदकुंकू द्यायला विसरलं, कुणी आधी साडी दुसरीला दाखवली, कुणी 'या' म्हटलं नाही. लग्नाला आलेल्या म्हातारीनं असे रुसवे काढण्यात उभा जन्म घातलेला असतो. ठकूबाईनं कमरेवर हात ठेवले आणि मागे वळून मोठ्यानं विचारलं, "हिला मान कुनी दिला न्हाई व्हय गं? वरमायकडची बाई कोपऱ्यात बसलीया आन् तुमी हितं फिदीफिदी हसताय?"

कुणाला काही कळायच्या आत तिनं माझा हात धरला. डावा हात, म्हणजे बरा हात. तिची पकड लोखंडी होती. "उठ बाई. रुसू नगं. पोरीच्या हळदीला कुनी रुसतं का? मी देते तुला मान. पयला घास तूच घाल जात्याला."

आता सांगते, माझी वाचा शाबूत असती तर मी काय केलं असतं. मी म्हटलं असतं, नको हो आक्का, मी यातली नाही, माझे यजमान नाहीत, मी इथेच बरी. अगदी गोड शब्दांत म्हटलं असतं. नाही म्हणणं मला फार चांगलं येत होतं. ते त्या दिवशी येत नव्हतं. मान हलवली तर तिनं त्यालाही रुसवाच समजलं आणि आणखी जोरानं ओढलं. मी जात्यापुढे बसले. माझ्या डाव्या मुठीत तिनं हळकुंडाचे तुकडे कोंबले, ती मूठ जात्याच्या तोंडाशी नेली, आणि माझा उजवा, अजून अधू असलेला हात खुंट्यावर ठेवून त्यावर स्वतःचा हात दाबून धरला.

मागे कुणीतरी कुजबुजलं. गावातलीच एक बाई पुढे येऊन म्हणाली, "अवो, ह्यांना न्हाई चालत. ह्या तर..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं. मला वाटलं धरणी दुभंगावी. उठायला गेले, पण ठकूबाईनं हात सोडला नाही. तेवढ्यात पुष्पा चुलीपासून आली, पदराला हात पुसत. तिनं सगळं एका नजरेत पाहिलं.

"उज्ज्वला जन्मली तवा तिला पयला हात लागला तो ह्या बाईंचा," ती म्हणाली. "पोर निळी पडली व्हती. उलटी धरून, पाठीत थापट्या मारून रडवली तिला. त्या हातानं हळद दळली तर माझ्या पोरीचं काय वाईट व्हनार हाय? दळा बाई तुमी."

पुढे आलेली बाई मागे सरली. ठकूबाईला तर काय चाललंय याचा पत्ताच नव्हता, तिनं जातं फिरवायला सुरुवातही केली होती. घरघर सुरू झाली. माझा हात तिच्या हाताखाली पुढे जात होता, मागे येत होता. हळदीचा तो कच्चा, उग्र वास नाकात शिरला. आणि ठकूबाईनं खड्या आवाजात ओवी उचलली,

"हळद मी दळिते गं, पिवळं पडलं अंगण..."

ही ओवी माझी आई म्हणायची. भीमाकाठच्या आमच्या गावात कुठलीही हळद असो, आईला बोलावणं यायचं, आणि मी तिच्या पाठीला चिकटून बसलेली असायची. ठकूबाईनं पहिली ओळ म्हटली आणि रिवाजाप्रमाणे थांबली. समोरच्या बाईनं दुसरी ओळ घ्यायची असते. जातं फिरतच होतं. ओळ घ्यायची वेळ आली, आणि ती कुणीतरी घेतली.

"जेजुरीचा धनी माझा, बांधी लेकीला कंकण..."

कोण गातंय म्हणून मी पाहू लागले. आतून चहाचा पेला पडल्याचा आवाज आला. मनीषा दारात उभी होती, तोंडावर हात धरून. पुष्पाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग माझ्या लक्षात आलं की गाणारी मी आहे. आवाज घोगरा, बसलेला, सुरात म्हणावा तर तसाही नाही. पण शब्द होते. एकामागून एक, नीट उच्चारलेले, माझे शब्द. धनी म्हणाले होते मी त्याला. महिनोन्‌महिने ज्याच्याकडे पाठ करून बसले होते त्याचंच नाव सगळ्यांत आधी तोंडातून निघालं होतं.

ठकूबाई म्हणाली, "हां! गेला बग राग." आणि दुसरी ओवी सुरू केली. तिला माझ्या रडण्याचंही नवल वाटलं नाही. रुसलेल्या बायका मान मिळाल्यावर रडतातच.

मी तशी लबाडी करणार नाही, त्या दिवशी सगळं बरं झालं असं सांगणार नाही. जातं थांबलं आणि मी पुन्हा मुकी झाले. पुष्पानं "बाई, बोला, बोला" म्हटलं तर मी म्हणाले, "बसा." पण आता मला कळलं होतं की शब्द गेलेले नाहीत, आतच आहेत, फक्त त्यांची रोजची वाट बुजली आहे. पुढे दौंडच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बोलण्याची जागा मेंदूच्या एका बाजूला, गाण्याची बरीचशी दुसऱ्या बाजूला, त्यामुळे असं कधीकधी होतं. खरं असणार. मी नर्स आहे, डॉक्टरांच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. पण मला त्या जात्यापुढे डॉक्टरांनी नेऊन बसवलं नव्हतं. मी स्वतः तर नाहीच नाही.

लग्न झालं, आणि ठरल्याप्रमाणे संजय गाडी घेऊन आला. मनीषानं त्याला सगळं सांगितलं होतं. मी त्याला ओवी म्हणून दाखवली, तो गहिवरला, पण नोकरीनं माणूस हिशेबी होतं. "आई, गाणं म्हणतेस ते चांगलंच आहे. पण मी काळजी करतो ती वेगळी. स्वयंपाकघरात पडलीस तर हाक कशी मारशील?"

मला राग आला, आणि रागानंच सुचलं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि असेल नसेल तेवढा आवाज काढून ओवीची पहिली ओळ म्हटली. दुसरी सुरू करते तोवर पुष्पा दारात. हाताला कणीक, धापा टाकत. "काय झालं बाई? पडला का?" तिच्या मागोमाग तिचा नवरा, त्याच्या मागोमाग समोरच्या घरातली सासू-सून. संजय त्या सगळ्यांकडे बघत राहिला. मग कपाळावर हात मारून तो हसायला लागला, आणि हसता हसता खुर्चीवर बसून लहान मुलासारखा रडला. गाडी माझ्याविनाच पिंपरीला गेली. पुष्पानं सगळ्यांना बजावून ठेवलं, बाईंची ओवी ऐकू आली की हातातलं टाकून पळायचं. त्यानंतर गरज अशी कधी फारशी पडली नाही. एकदा मात्र दूध उतू गेलं म्हणून मी वैतागून गुणगुणले, तर चार माणसं धावून आली.

बोलणं परत आलं ते असं, चालीवर बसून. आधी पाठ असलेल्या ओव्या, मग त्याच चालीत मोडकी वाक्यं. दूधवाल्याला मी ओवीच्या सुरात सांगायची, आज अर्धाच लिटर दे रे बाळा. तो बिचारा खाली मान घालून हसायचा. हळूहळू चाल गळत गेली आणि नुसते शब्द उरले. लिहिणंही तसंच आलं. ओळ आधी तोंडानं गुणगुणायची, मग हात तिच्या मागून जायचा, जातं ओढल्यासारखा. अजूनही मी लिहिताना पुटपुटते. पूर्वी मी जे लिहीत असे ते मी लिहिते असं मला वाटायचं. आता तसं म्हणायला जीभ धजत नाही. मी नुसती बसते. बसल्यावर कधी येतं, कधी येत नाही. आलं तर घ्यायचं, नाही आलं तर भाजी निवडायला घ्यायची. देवघरातला दिवा पुन्हा मीच लावू लागले. भांडण मिटलं म्हणून नव्हे, मुळात भांडण एकटीचंच होतं हे कळलं म्हणून.

एक गोष्ट राहिली होती. ठकूबाईला सांगायचं होतं. दिवाळी झाल्यावर पुष्पाकडून पत्ता घेतला, आणि माझ्या जुन्या सवयीप्रमाणे बीपीचं मशीन पिशवीत टाकून निघाले. एसटी बदलत शिक्रापूरपर्यंत गेले, तिथून जीपनं केंदूर. ठकूबाई दारात बाजेवर बसून कांद्याच्या पाती निवडत होती. मी पायांवर डोकं ठेवलं तशी ती दचकली. मी आपलं सगळं सांगितलं, जपून, अडखळत, एक एक शब्द. हळद, जातं, ओवी, माझी गेलेली वाचा.  ती पाती निवडत ऐकत होती. मग म्हणाली,

"बाई, रागावू नगा, पर मला काय आठवंना. लई हळदी दळल्या. लई बायका रुसलेल्या बघितल्या. कुनाकुनाचं ध्यानात ठिवू?"

क्षणभर माझं मन खट्टू झालं. ज्या हातानं मला पुन्हा माणसांत आणलं त्या हाताला त्याची खबरही नव्हती. आणि मग मला बाजारात भेटणाऱ्या माझ्या जुन्या पेशंट बायका आठवल्या. कुणी तरणीताठी पोरगी घेऊन पुढे येते, म्हणते, सिस्टर, हिला तुम्हीच वाचवलं. मी हसून "हो का" म्हणते, पण मला कधीही, कुणीही आठवलेलं नाही. पुष्पानं सांगेपर्यंत उज्ज्वला निळी पडली होती हेसुद्धा मी विसरले होते. मी तेव्हा माझं काम केलं होतं आणि पुढच्या खाटेकडे वळले होते. देव मला विसरला म्हणून मी एवढे महिने फुगून बसले होते. विसरला असेलही. त्यानं माझी आठवण ठेवावी असं कुठं आहे? त्याच्यापुढेही खाटा काही कमी नाहीत. एकदा हात लागून गेला, तेवढं मला पुरे आहे. त्या बाजेशेजारी, कांद्याच्या पातींच्या वासात, माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सुटले मी.

ठकूबाईनं ताक दिलं. मग म्हणाली, "तुमी नर्सबाई हाय नव्हं? मला चक्कर येतीया वो सकाळच्या पारी." मी पिशवीतून मशीन काढलं. तिच्या काटकुळ्या दंडाला, बांगड्या वर सारून, पट्टा गुंडाळला. तिची बडबड चालूच होती, नातवाचं लग्न, सुनेचं दुखणं, विहिरीचं पाणी.

"आक्का," मी म्हटलं, "मशीन लावल्यावर बोलायचं नसतं. जरा गप बसा."

ती एकदम गप्प झाली. शाळेतल्या मुलीसारखी, माझ्या तोंडाकडे बघत, श्वास धरून. मी स्टेथोस्कोप कानांना लावला आणि फुगा दाबला.  हळूहळू हवा सोडत मी तिच्या नाडीचे ठोके ऐकत राहिले. बीपी वाढलेलंच होतं, तिला दवाखान्यात दाखवून गोळी सुरू करून द्यायला हवी होती. त्या शांततेत तिला आणि त्यालाही नमस्कार करावासा वाटला, पण माझे दोन्ही हात कामात होते, म्हणून मी ते मनातच जोडले.